‘कमवा व शिका’चे कूळ

महाविद्यालयांचे पहिले सत्र सुरू झाले की सूचनाफलकाच्या एका कोपऱ्यात, शुल्काच्या मुदती आणि ओळखपत्रांच्या तारखा यांच्या गर्दीत, एक कागद हटकून डकवलेला आढळतो: ‘कमवा व शिका’ योजनेखाली काम करू इच्छिणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासह कार्यालयात अर्ज द्यावेत. ज्यांना गरज असते ते हा कागद इकडेतिकडे पाहत चटकन वाचून पुढे जातात, आणि ज्यांना नसते त्यांची दृष्टी त्याच्यावर ठरतच नाही. दोन आज्ञार्थी क्रियापदे आणि त्यांना जोडणारे एक अक्षर, एवढाच या नावाचा ऐवज. परंतु यांतील प्रत्येकाला कूळ आहे. ‘शिका’ हे संस्कृतातून प्राकृतामार्फत आलेले. मधला ‘व’ फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत शिरला आणि ‘जमा व खर्च’ लिहिता लिहिता इथलाच होऊन गेला. राहिले ‘कमवा’. संस्कृतातल्या ‘कर्मा’चे प्राकृतात ‘कम्म’ झाले आणि त्यातून आपले ‘कमावणे’ उतरले. म्हणूनच आपण पैसा कमावतो तसे चांभार कातडे कमावतो, पैलवान शरीर कमावतो आणि शेतकरी जमीन कमावतो. राबून राबून एखादी वस्तू उपयोगाला आणणे, तिला मऊ आणि कसदार करणे, हा या धातूचा जुना अर्थ आहे. मजुरी मिळविणे हा त्यामागून आलेला.

या योजनेचे मूळ शोधू जाता आपण प्रथम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यातून पुण्यासारख्या गावी शिकावयास आलेल्या दरिद्री ब्राह्मण मुलापुढे शाळेच्या फीपेक्षा दोन वेळच्या अन्नाचा प्रश्न मोठा असे, आणि त्या प्रश्नाचे समाजाने शोधून काढलेले उत्तर म्हणजे ‘वार लावणे’. आठवड्याचे सात वार सात घरी वाटून घ्यावयाचे. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी दूरच्या एखाद्या आत्याबाईंकडे, बुधवारी शाळेतल्या पंतोजींकडे, असा क्रम एकदा बसला की मुलाचे वर्ष निघाले. सातांपैकी पाचच वार भरले तर उरलेले दोन दिवस चणे-कुरमुऱ्यांवर काढावयाचे किंवा एकादशीचे निमित्त करावयाचे.  ‘वारावरचा मुलगा’ म्हणजे आठवड्यातून एकदा पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसणारा, वाढणारीच्या चेहऱ्याकडे पाहून दुसरी पोळी मागावी की न मागावी हे ठरविणारा मुलगा.

ज्यांचे वार लागत नसत त्यांना माधुकरी होती. मधुकर म्हणजे भ्रमर. तो जसा एका फुलाला न ओरबाडता अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेतो तशी अनेक घरांतून थोडी थोडी भिक्षा घ्यावी, असा या सुंदर शब्दाचा आशय, आणि त्याच्यामागे ब्रह्मचाऱ्याने भिक्षेवर राहून अध्ययन करावे या स्मृतिवचनांचे पाठबळ. प्रत्यक्षात मात्र पंचा नेसलेला मुलगा सकाळी झोळी घेऊन निघे, दारात उभा राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणे, आणि आठ-दहा घरे झाल्यावर परत येई तो झोळीतल्या भांड्यात एका घरचा आंबट वरणभात, दुसरीकडची भाकरी आणि तिसरीकडची कालची भाजी ही सारी एकमेकांत कालवून एकच पदार्थ झालेली असत. भ्रमराला या कालवणाची कल्पना नव्हती.

आता यात ‘कमवा’ कोठे, असे कोणी विचारील. वारावरचा मुलगा फुकट जेवत असे हा समज खरा नाही. तो त्या घरच्या विहिरीचे पाणी ओढी, देवाची फुले आणी, मंडईतून भाजी आणी, धाकट्या मुलांकडून पाढे घोकून घेई, श्राद्धाच्या दिवशी दर्भापासून पत्रावळींपर्यंतची धावपळ करी. ही सारी कामे होती. फक्त त्यांना काम म्हणण्याची चाल नव्हती. त्यांना उपकाराची फेड म्हणत, आणि फेड कधी पुरी होत नसे, कारण तिचा हिशेब कोणी ठेवीत नसे. मोठेपणी नावारूपाला आलेली पुष्कळ मंडळी आपल्या वारांच्या आठवणी सद्गदित होऊन सांगत, त्यात कृतज्ञता होती हे मान्य. परंतु जेवणाऱ्याचा हात सदैव खाली राहिला हेही त्यांतच होते.

सरकारी पैशाचा विद्येशी संबंध याहून जुना, आणि त्याची हकीकत थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पेशव्यांच्या अमदानीत पर्वतीजवळच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. अंमल बदलल्यावर इंग्रजांनी त्या खर्चातूनच १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली. १८४९ साली लोकहितवादी आदी सुधारकांनी या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथकारांना मिळावा म्हणून अर्ज केला तेव्हा शहरात मोठे काहूर उठले. आणि अखेरीस रमण्यातल्या त्या रुपयांतून महाविद्यालयांतल्या ‘दक्षिणा फेलो’ या शिष्यवृत्त्या निघाल्या. दानाला अटी लागल्या, परीक्षा लागली, मंजुरीचे कागद आले. पण दक्षिणा असो, माधुकरी असो, वार असोत, या सगळ्यांची दारे एकाच जातीला उघडी होती. कुणब्याच्या मुलाने कोणाच्या दारात उभे राहून काय म्हणावे याचा मंत्रच कोणी रचलेला नव्हता, आणि महाराच्या मुलाला तर ते दारच नव्हते.

हे दार कोल्हापुरात बांधले गेले. १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली; १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ‘बोर्डिंग’ हा शब्द मराठीत तेव्हापासून असा रुजला की खेड्यातली माणसे आजही ‘पोरगं बोर्डिंगात आहे’ असेच म्हणतात. आठवड्याची सात घरे जाऊन त्यांच्या जागी एक घर आले, आणि त्या घराला जमीन, इमारत, अधीक्षक व जमाखर्चाची वही मिळाली. जातवार बोर्डिंगांवर पुढे टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. मात्र ज्या काळी एका विहिरीवर पाणी भरणे अशक्य होते त्या काळी एका पंगतीची अपेक्षा संस्थानिकाकडून करणे सोपे, आणि ती पंगत बसविणे अवघड.

ती पंगत बसविणारा माणूस त्याच कोल्हापुरात, जैन बोर्डिंगात, शिकत होता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत नोंदलेली आहे. आणि पुढील आयुष्यात या गृहस्थाने जितकी वसतिगृहे काढली तितकी काढण्याची ईर्ष्या कदाचित त्या एका हकालपट्टीतच उत्पन्न झाली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन गावोगाव हिंडले, आणि सातारला कूपरांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. चरित्रकार या विक्रेतेपणाकडे तरुणपणीची धडपड म्हणून पाहून पुढे सरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लोखंडी नांगर विकणाऱ्याला लाकडी नांगराच्या धन्याच्या ओट्यावर बसून, त्याच्याच भाषेत, त्याच्याच जमिनीच्या गोष्टी बोलाव्या लागतात. आणि जो माणूस शेतकऱ्याला नांगर घ्यावयास लावू शकतो तो त्याला मुलगा शाळेत घालावयास लावू शकतो.

सांगलीजवळच्या दुधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांचा आश्रम चालविला, आणि तेथे मूठफंडाची रीत आली. गृहिणीने दळणाला बसताना जात्यात धान्य टाकण्यापूर्वी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकावयाची. ठरावीक दिवशी गावातली मडकी रिकामी करून ती ज्वारी आश्रमात आणावयाची. माधुकरीचाच हा वंशज, पण एक फरक फार मोठा: मागणारा मुलगा दारात उभा नव्हता. देणारीला घेणाऱ्याचे तोंड दिसत नव्हते आणि घेणाऱ्याला देणारीचे.

१९१९ च्या दसऱ्याला कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. दप्तरात ‘रयत’ म्हणजे सारा भरणारी, पट्टी देणारी, अर्जाखाली अंगठा करणारी. शिकणारी रयत हा प्रयोगच नवा होता. संस्थेच्या मागे सत्यशोधक चळवळ होती, आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत शेतकीचे पहिले धडे असावेत हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे लेखी मांडून ठेवलेच होते. १९२४ साली संस्थेचे ठाणे सातारला हलले, आणि तेथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका छपराखाली राहू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

आता ‘कमवा’ या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळाला. पैसा नव्हताच, म्हणून मुलांनी दळावे, पाणी आणावे, लाकडे फोडावीत, भाकरी भाजाव्यात, आणि सातारच्या माळावरची खडकाळ पडीक जमीन पहारीने फोडून, दगड वेचून, बांध घालून, खत मुरवून तीतून भाजी आणि धान्य काढावे. जमीन कमावली जात होती आणि तिच्याबरोबर पोटही. एका जातीच्या मुलाने दळलेले पीठ दुसऱ्या जातीच्या मुलाने मळावे आणि तिसऱ्याने वाढावे, हे व्याख्यानाने होणारे काम नव्हते; ते भुकेने आणि पाळीच्या तक्त्याने झाले. धान्य संपे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने बाहेर काढीत, आणि एका प्रसंगी मंगळसूत्रही गेले, ही कथा सातारकडे आजही घराघरात सांगतात. ज्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात ही बाई वाढली होती ते ध्यानी घेता, दागिन्यांपेक्षा तिने चुलीवरचा विटाळ सोडला हे मला अधिक मोलाचे वाटते. १९३० साली ती वारली.

१९३२ साली, येरवड्याच्या करारानंतर, भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. वारांच्या आणि माधुकरीच्या त्या शहरात सर्व जातींचे एक स्वयंपाकघर आले. याच शहरात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने आरंभी माधुकरीवर मुले पोसली आणि पुढे छापखाना घालून त्यांना हातचा उद्योग दिला, हेही नमूद केले पाहिजे. श्रमाकडे वळण्याची गरज माधुकरीच्या आणि बोर्डिंगाच्या अशा दोन्ही बाजूंना जाणवली होती. १९३५ मध्ये सातारला ग्रामीण शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय आले, त्यामुळे बोर्डिंगातला मुलगा पगारी मास्तर होऊन खेड्यात परत जाऊ लागला. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, ही दोन्ही याच तत्त्वावर निघाली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य संस्थेच्या बोधचिन्हातल्या वटवृक्षाखाली कायमचे बसले.

पुष्कळदा भाऊरावांच्या या पद्धतीची वर्ध्याच्या नयी तालीमशी गल्लत केली जाते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या योजनेत टकळी हाच गुरू होता. सूत काढता काढता गणित आणि भूगोल शिकावयाचा. साताऱ्यात कुदळीवर असा बोजा कोणी टाकला नाही. कुदळ भाकरीसाठी, पुस्तक विद्येसाठी. दोन्ही एकाच मुलाच्या हातात, इतकेच. नाते लावावयाचेच तर ते अमेरिकेतल्या टस्कीजीशी अधिक लागेल, जेथे १८८१ पासून बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शाळेत गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुले स्वतः विटा भाजून स्वतःच्या वर्गखोल्या बांधीत होती. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्याच देशातल्या गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केला होता, हे इथे सहज आठवते.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी वारले. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी-माफी देण्याचे ठरविले, आणि आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत पोहोचली. फीचे ओझे उतरले, हे निःसंशय मोठे काम झाले. परंतु दारिद्र्य आता तलाठी आणि तहसील यांच्या शिक्क्याने सिद्ध करावे लागू लागले. माधुकरीच्या मुलाला निदान दाखला लागत नव्हता, त्याची झोळीच दाखला होती. पुढे विद्यापीठांनी भाऊरावांच्या नावाने ‘कमवा व शिका’ची योजना घेतली, तिला तास आले, ताशी दर आला, हजेरीपट आला. ग्रंथालयातली कपाटे झाडणे, कार्यालयातल्या फायली लावणे, प्रयोगशाळेतल्या काचा धुणे, बागेला पाणी घालणे, अशी कामे ठरली. यांत नाक मुरडण्यासारखे काही नाही. महिनाअखेर खानावळीचे बिल भागते, आणि ते कोणाच्या उपकाराने नव्हे. तरी मुलाच्या कामाने त्याचेच ताट भरावे हा जो साताऱ्याचा सरळ संबंध होता, तो वेतनपत्रकाच्या रकान्यांतून जाता जाता लांबला.

मागच्या पावसाळ्यात एका महाविद्यालयाच्या आवारात व्याख्यानाला वेळ होता म्हणून हिंडत होतो. मागच्या अंगाला रोपवाटिकेत योजनेतली दोन मुले मातीचा ढीग प्लास्टिकच्या पिशव्यांत भरीत बसली होती, आणि प्राध्यापक छत्री धरून त्यांच्या मागे उभे होते. साडेपाचपर्यंत दोनशे पिशव्या व्हाव्यात, अशी त्यांची घाई. त्यांतला एक मुलगा, बहुधा शेतकऱ्याचा, मुठीत माती घेऊन दाबून पाहत होता. ती चिकट होऊन त्याच्या बोटांना धरली. तो मान वर न करता म्हणाला, “सर, ही अजून कमावली नाही. वाळू आणि शेणखत घालून आठ दिवस पडू द्यायला पायजे, नाहीतर रोप धरायचं नाही.” प्राध्यापकांनी घड्याळ पाहिले, खिशातून हजेरीपट काढला, आणि दोघांच्या नावांपुढे दोन-दोन तास मांडले. मुलगा उठला आणि फावड्याने ढीग पुन्हा फोडू लागला.