घबाडाची कुळकथा

पंचांगात काही दिवसांपुढे ‘घबाड’ असं छापलेलं असतं. तो मुहूर्त असतो, चांगली वेळ. बोलताना मात्र घबाड म्हणजे अवचित हाती लागलेला मोठा माल. इंग्रजीतल्या ‘बोनान्झा’ची गतही अशीच आहे. मूळ शब्द स्पॅनिश दर्यावर्दींचा, अर्थ निवळलेलं आभाळ, शांत समुद्र. त्याच्या उलट ‘बोरास्का’, वादळ. मेक्सिकोच्या खाणकऱ्यांनी ही जोडी जमिनीखाली नेली. शीर सोन्यारुप्याने भरलेली लागली की बोनान्झा, नुसतीच गारगोटी लागली की बोरास्का. पुढे हा शब्द अमेरिकाभर पसरला, त्यात नेवाडातल्या एका डोंगरउताराचा मोठा वाटा आहे. माउंट डेव्हिडसनच्या पूर्व अंगावर व्हर्जिनिया सिटी नावाचं गाव आहे. कॉमस्टॉक नावाची सोन्याचांदीची शीर या गावाच्या पोटात.

सराफ्यातली माती परातीत धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. 1850 पासून त्या डोंगराखालच्या ओढ्यांत लोक गाळ हलवून सोनं काढत होते. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू तिप्पटही नाही. लाकडी पाळण्यात गाळ हलवला की हलकं वाहून जातं आणि कण तळाशी राहतात. इथलं सोनं मात्र फिकट होतं आणि त्याला भावही कमी मिळे. कारण त्यात चांदी मिसळलेली होती. आपल्या सोनाराच्या भाषेत, हिणकस.

जून 1859 मध्ये पीटर ओ’रायली आणि पॅट्रिक मॅक्लॉक्लिन हे दोघे ओढ्याच्या उगमाशी पाण्यासाठी खड्डा खणत होते. त्यात सोनं लागलं. पण सोबत एक जड, निळसर काळा चिखल येई आणि पाळणा तुंबवी. शिव्या घालत ते तो उपसून बाजूला टाकत. हेन्री कॉमस्टॉक नावाचा बडबड्या गडी तिथं आला, जागा आपलीच म्हणाला आणि वाट्यात शिरला. नाव लागलं ते त्याचं. काही दिवसांनी त्या चिखलाचा नमुना कॅलिफोर्नियात गेला. कस काढला तेव्हा टनामागे सुमारे 3,876 डॉलरचा माल निघाला, त्यातली तीन चतुर्थांश किंमत चांदीची!

देवघरातल्या चांदीच्या निरांजनावर पावसाळ्यात काळपट थर चढतो ना, तो चांदी आणि गंधक यांचं संयुग. त्या चिखलातला ऐवज मुख्यतः तोच. ओढ्यात तो दिसत नव्हता, कारण चांदीची संयुगं ऊनपावसात फार टिकत नाहीत आणि सोनं टिकतं. नऊ-दहा वर्षं लोक शिरेचं उरलंसुरलं धूत होते.

कॉमस्टॉकने आपला हिस्सा 11,000 डॉलरना विकला. मॅक्लॉक्लिनला त्याहून कमी मिळाले.

आता शिरेचं कूळ. मायोसीन काळातल्या ज्वालामुखींनी इथं अँडेसाइट या खडकाचे थर घातले. मग जमीन ताणली जाऊन एक लांबलचक तिरका भ्रंश पडला. पूर्वेकडचा भाग त्यावरून घसरला आणि मधे फटी राहिल्या. सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी खालून तापलेलं पाणी सोनं, चांदी आणि सिलिका विरघळवून घेत त्या फटींतून वर आलं. वर येताना दाब उतरला, पाणी उकळलं, आणि धातू टाकून देणं त्याला भाग पडलं. पण सगळीकडे सारखं नाही. शिऱ्यात बेदाणे असावेत तशी घबाडं इथं तिथं, मधे शेकडो फूट निव्वळ गारगोटी. खाणींच्या शेअरांचा जुगार त्यावरच चालला.

या पाण्याने भोवतालचा अँडेसाइटही हिरवट करून टाकला. जर्मन भूवैज्ञानिक रिख्टहोफेनने 1865 मध्ये तो पाहिला आणि वेगळाच खडक समजून त्याला ‘प्रोपिलाइट’ नाव दिलं. ‘रेशीम मार्ग’ हा शब्द रूढ करणारा हाच तो. 1882 मध्ये जॉर्ज बेकरने दाखवून दिलं की तो वेगळा खडक नव्हेच, शिजून रंग पालटलेला अँडेसाइट आहे. खडक गेला, पण त्या नावावरून बनलेलं विशेषण भूशास्त्रात अजून टिकून आहे.

वरवर ही शीर पश्चिमेकडे कललेली दिसे आणि खोलवर पूर्वेकडे वळे. मग शीर एक की अनेक, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. एकच ठरली तर सगळा माल पहिल्या हक्कदारांचा! भूशास्त्रावर वकिलांची इतकी कमाई क्वचितच झाली असेल.

धातुपाषाण इतका रुंद आणि ठिसूळ होता की साधे टेकू मोडत. 1860 मध्ये फिलिप डायडेसहाइमर या जर्मन अभियंत्याने मधाच्या पोळ्यासारख्या लाकडी चौकटी एकावर एक रचायची युक्ती काढली आणि तिचं पेटंटही घेतलं नाही. त्या चौकटींपायी टाहो सरोवराकाठची जंगलं जमिनीखाली गेली. मोठं घबाड लागलं 1873 मध्ये, 1,200 फुटांच्या आसपास. शिरेच्या त्या एका तुकड्याने 10 कोटी डॉलरहून अधिक माल दिला.

पण गरम पाण्याने पाठ सोडली नव्हती. तीन हजार फुटांवर 75 अंश सेल्सियसच्या आसपासचं कढत पाणी फुटू लागलं. खाणकरी बर्फाचे तुकडे अंगाशी धरून थोडा थोडा वेळ काम करत. 1880 पर्यंत खाणींना ओहोटी लागलेली होती.

व्हर्जिनिया सिटीपासून दहाबारा किलोमीटरवर स्टीमबोट स्प्रिंग्ज आहे. तिथल्या गरम झऱ्यांनी साचवलेल्या सिलिकेत आजही सोन्याचांदीचा अंश सापडतो. त्या पाण्याच्या उष्णतेवर आता वीज तयार होते.