घारापुरीची लाईट आणि आपली वस्ती

मंडळी, डीपी जळाला की आपल्याकडं एक उत्तर ठरलेलं असतं, "तुमच्या वस्तीवर कनेक्शनच किती?" हे उत्तर ऐकलं की मला घारापुरी आठवते.

घारापुरी म्हणजे एलिफंटाची लेणी असलेलं बेट. गेटवे ऑफ इंडियापासून साधारण १० किलोमीटर. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर अशी तीन छोटी गावं, तालुका उरण, जिल्हा रायगड. १९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सह्याद्रीचं पाणी वीज होऊन मुंबईच्या गिरण्यांत पोचलं. १९८० च्या दशकात खुद्द उरणमध्ये वायूवर चालणारं सरकारी वीजकेंद्र उभं राहिलं. १९८७ ला लेण्यांना जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. पण लेण्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना लाईट कधी मिळाली? फेब्रुवारी २०१८ मध्ये!

तोवर संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर चालायचा. तो बंद झाला की पोरांचा अभ्यास कंदिलावर. समोर मात्र रात्रभर मुंबई लखलखत असायची.

अडचण काय होती? समुद्राखालून केबल टाकणं महाग, आणि घरं जेमतेम काहीशे. मीटरच्या हिशोबात हा खर्च कधीच निघणार नव्हता. शेवटी महावितरणनं सुमारे साडेसात किलोमीटर केबल समुद्राखालून टाकली, खर्च २५ कोटींच्या आसपास. इंजिनिअर लोकांनी काम चोख केलं, यात वाद नाही. पण वीज वसुलीच्या आकड्यावर द्यायची की माणूस म्हणून द्यायची, हा निर्णय इंजिनिअर घेत नसतो. तो सरकार घेतं. तो घ्यायला स्वातंत्र्यानंतर ७० वर्षं गेली.

आता आपल्याकडं बघा. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचं २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. साडेसात हजार एकरांहून जास्त जमीन. कारखाने यायच्या आधीच तिथं रस्ते, पाणी, विजेची सोय केली गेली. चांगलंच आहे, पोरांना कामं मिळावीत. पण तिथं कुणी विचारलं नाही की ग्राहक किती. ग्राहक येतील म्हणून आधी वीज नेली.

मग शेतातल्या दहा घरांच्या वस्तीलाच हा प्रश्न का? आपल्याभोवती समुद्र नाही, तरी रात्री पंप चालू करायला बॅटरी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला विचारा, बेट म्हणजे काय ते.

पुढच्या वेळी "कनेक्शन किती" असं कुणी म्हणालं, तर घारापुरीचं नाव घ्या.