निळ्या पेटीचे झाकण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी इंटरनेटची जोडणी द्यायला एक मुलगा आला होता. भिंतीवर छोटी पेटी बसवली, दिवे लागले याची खात्री केली आणि निघताना म्हणाला, "काका, एक सांगतो. ही उघडू नका. सील तुटलं की वॉरंटी गेली." मी पडलो कवी माणूस, स्क्रू पिळायची मला हौस नाही. तरी ते वाक्य मनात राहिले. पैसे मोजून आणलेली वस्तू आणि तिचे झाकण उघडायचे नाही! पुढे या पेट्यांविषयी वाचत गेलो, तेव्हा एका निळ्या पेटीची हकीकत कळली. श्रोतेहो, आज तीच सांगणार आहे.

आधी एक ध्यानात घेऊ. या पेटीला आपण राउटर म्हणतो, पण तो असतो एक छोटा संगणकच. पडदा नाही, कीबोर्ड नाही. पण प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि आत सतत चालणारा एक प्रोग्रॅम आहे. एकाच कामाला जुंपलेला संगणक, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिनक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये असा एक राउटर बाजारात आणला. नाव डब्ल्यूआरटी५४जी. रंग निळा-काळा, पाठीमागे दोन अँटेना. पहिल्या आवृत्तीत बिनतारी संदेशाचा भाग मुख्य बोर्डावर कायमचा जडवलेला नव्हता; मिनी-पीसीआय नावाचे एक छोटे कार्ड खाचेत बसवलेले होते. मेमरी १६ मेगाबाइट आणि प्रोग्रॅम साठवायला जागा अवघी ४ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच एवढी जागा खातो.

२००३ मध्ये सिस्को या बड्या कंपनीने लिनक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी काही चौकस प्रोग्रॅमरांच्या लक्षात आले की, या पेटीच्या आत लिनक्स आहे. लिनक्स फुकट मिळते. पण त्याच्या परवान्याची, म्हणजे जीपीएलची, एक अट आहे. प्रोग्रॅम वापरा, बदला, विका. मात्र ज्याला द्याल त्याला त्याचा मूळ लेखी मजकूरही द्या. आपल्याला जे मिळाले ते पुढच्याला नाकारायचे नाही, असा हा साधा व्यवहार. पेटी विकली गेली होती, मजकूर दिला गेला नव्हता. बोभाटा झाला आणि २००३ च्या उन्हाळ्यातच कंपनीला तो मजकूर खुला करावा लागला.

मग मंडळींनी झाकण उघडले. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. पेटीतला मूळ प्रोग्रॅम काढायचा आणि आपल्या गरजेचा भरायचा, अशी सोय त्याने केली. काहींना ४ मेगाबाइटची जागा अपुरी वाटू लागली. त्यांनी काय करावे? दिव्यांसाठी आणि बटणांसाठी प्रोसेसरला ज्या तारा जोडलेल्या असतात, त्यांतल्या काहींवर सोल्डर लावून कॅमेऱ्यातले एसडी कार्ड जोडले. कारखान्याने खाच दिली नव्हती, यांनी ती तयार केली.

हा सगळा हौशी लोकांचा खेळ आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून आता आपल्या देशात, हिमाचल प्रदेशातल्या धरमशाला गावी येऊ. डोंगर मध्ये आडवे, त्यामुळे एका ठिकाणी मोठा मनोरा उभारून भागत नाही. विजेचा भरवसा नाही. घराबाहेर बिनतारी जाळे टाकायला परवाना लागे. २८ जानेवारी २००५ रोजी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे विनापरवाना वापरायला मोकळीक दिली. लगेच फेब्रुवारीत तिथे राहणाऱ्या तिबेटी निर्वासितांसाठी जाळे सुरू झाले आणि महिना संपेपर्यंत ८ संस्थांची आवारे जोडली गेली.

त्यासाठी वापरलेल्या पेट्यांत हीच निळी पेटी होती. तिचे बाहेरचे कवच टाकून दिले, बोर्ड पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवला, नवा प्रोग्रॅम भरला. प्रत्येक पेटी आपला संदेश पाठवते, तसाच शेजारणीचाही पुढे ढकलते. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसे हे काम. एक पेटी बंद पडली, तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो. पुढे तिशीहून अधिक ठिकाणी अशा पेट्या लागल्या आणि दोन हजारांवर संगणक जाळ्यात आले. त्यातूनच एअरजल्दी ही संस्था उभी राहिली.

विचार करा, ज्याने ही पेटी आखली त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले एखादे घर असेल. हिमाचलातला डोंगर त्याच्या गावीही नव्हता. पेटी तिथवर पोचली, कारण तिचे झाकण कुणीतरी उघडू शकले.

कंपनीने काय केले, तेही सांगायला हवे. २००५ मधल्या पाचव्या आवृत्तीत तिने लिनक्स काढले, मेमरी १६ वरून ८ मेगाबाइटवर आणली, साठवणीची जागा ४ वरून २ वर. लोकांचे प्रोग्रॅम तिथे मावेनात. मागणी मात्र थांबली नाही. तेव्हा त्याच वर्षी जुनीच पेटी डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने पुन्हा विक्रीला आली. त्यातला शेवटचा 'एल' लिनक्सचा. दार लावून पाहिले, पण गिऱ्हाईक दारातच उभे होते!

२०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी, आपल्या कामाच्या विसाव्या वर्षी, स्वतःचा राउटर काढला. त्याच्या बोर्डावर जादा कार्डासाठी एक खाच मोकळी ठेवली आहे. तिच्यात काय बसवायचे, ते विकत घेणाऱ्याने ठरवायचे.

आमच्या भिंतीवरच्या पेटीचे सील अजून शाबूत आहे. ते तोडायचे धाडस माझ्यात नाही. पण आता तो मुलगा पुन्हा आला, तर त्याला चहा देईन आणि विचारीन, "बाळा, उघडू नका म्हणतोस ते खरं, पण का नको, ते तरी सांगशील?"