गायकवाडी पलसाण्याचे बालवाचन

बालसाहित्य संशोधकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७० साली निघाली. ती परिषदा भरवते, संशोधनग्रंथांना पुरस्कारही देते. मंडळी, त्या तोडीचा विषय आपल्या माळ्यावर पडून आहे.

पलसाणा तेव्हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचणारी मुले वाढली. त्यांना वाचायला काय? २ लाख रुपयांच्या ठेवीच्या व्याजातून पुढे ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाली, मराठीत आणि गुजरातीतही. इथल्या मराठी घरातले मूल यांपैकी कोणते पुस्तक आधी उचलत असे? मला हाच प्रश्न मोलाचा वाटतो. दवाखान्यात मी आधी रोग्याची हकीकत ऐकतो. तशीच घरातल्या नव्वदीच्या आजींची ऐकून लिहून ठेवा, याच दिवाळीत. आणि जुनी पुस्तके रद्दीत देण्याआधी पहिले पान उघडून पाहा. तिथे मुलाचे नाव, इयत्ता लिहिलेली असते.