शब्दवेध : झारे

त्रिनिदादमध्ये मूल किरकिरं झालं, मोठ्या माणसाची झोप उडाली, की घरातली जाणती बाई म्हणते, ‘झारे करून घे.’ मग कुणी पंडित खराट्याचे चार-पाच हीर हातात धरतो आणि मंत्र पुटपुटत डोक्यापासून पायांपर्यंत दृष्ट उतरवतो. शब्द भोजपुरी ‘झारल’चा, १८४५ पासून उसाच्या मळ्यांत गेलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध भारतीय मजुरांनी, तो सोबत नेला. आपलं ‘झाडणं’ त्याचंच भावंड. दृष्टीला तिथे ‘माल्जो’ म्हणतात. मूळ स्पॅनिश, ‘माल दे ओहो’, वाईट डोळा. खचलेला माणूस कधी आधी झारे करतो, मग दवाखाना गाठतो. डॉक्टरांनी त्याला हसू नये. ‘झारे केलंत का?’ एवढं आपुलकीने विचारावं. औषधाआधी विश्वास बसायला हवा.