यहुदी कुळात जन्मलेली ख्रिस्तसभा

आपण स्वतःला रोमन कॅथोलिक म्हणवतो. त्यामुळे आपल्या श्रद्धेचा उगम रोममध्ये झाला, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः रोम ही त्या काळी राज्यकर्त्यांची नगरी होती. ख्रिस्तसभा जन्मली ती त्यांच्या अमलाखाली राहणाऱ्या यहुदी प्रजेत. प्रभू येशू, पवित्र मरिया, संत योसेफ, बारा प्रेषित आणि संत पौल हे सर्व यहुदी होते. पवित्र शुक्रवारी संत योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन ऐकताना ‘यहुदी’ हा शब्द वारंवार आपल्या कानी पडतो. तो कोणत्या अर्थाने ऐकावा, हे समजण्यासाठी बारामती व इंदापूर परिसरातील भाविकांपुढे आम्ही हा इतिहास संक्षेपाने मांडत आहोत.

रोमचा अंमल

इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी याने यरुशलेम जिंकले. पुढे रोमच्या पाठिंब्याने हेरोद राजा झाला व त्याने इ.स.पू. ३७ ते ४ या काळात राज्य केले. मांडलिक राजाची ही व्यवस्था आपल्या भागाला अपरिचित नाही. सतराव्या शतकात पुणे, सुपे व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. कारभार जहागीरदाराचा असे, मात्र त्याच्यावर निजामशाहीची वा आदिलशाहीची सत्ता असे. हेरोदाचे स्थान काहीसे तसेच, पण राजपदाचा मान असलेले होते.

हेरोदानंतर गालील प्रांत त्याचा मुलगा हेरोद अंतिपा याच्याकडे गेला. यहुदियात इ.स. ६ पासून रोमचा सुभेदार थेट कारभार पाहू लागला. करासाठी शिरगणती झाली, तेव्हा गालीलकर यहुदा याने बंड उभारले. प्रमुख याजकाची नेमणूकही सुभेदाराच्या हाती गेली. जकातीच्या वसुलीचे मक्ते दिले जात; म्हणूनच जकातदार लोकांना नकोसे वाटत. कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रभूला विचारलेला प्रश्न या जाचातूनच आला होता.

एक धर्म, अनेक पंथ

त्या काळचा यहुदी समाज एकमुखी नव्हता. सदूकी हे मंदिराशी व याजकवर्गाशी निगडित होते. परुशी नियमशास्त्राचे रोजच्या जीवनातील पालन शिकवत आणि मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवत. एसेनी पंथीय शिस्तबद्ध सामूहिक जीवन जगत. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्या बहुतेक अभ्यासक याच पंथाशी जोडतात. या सर्वांना मसीहाविषयी, मंदिराविषयी व शब्बाथाविषयी आपापली मते होती आणि त्यांवर कडाक्याचे वाद होत.

येशूचे परुश्यांशी झालेले वाद या चर्चेच्या आतले होते. तो सभास्थानात शिकवत असे व सणांना यरुशलेमला जात असे. पुनरुत्थानाच्या प्रश्नावर तर तो परुश्यांच्या बाजूने व सदूक्यांच्या विरुद्ध बोलला.

क्रूस ही रोमची शिक्षा

पंत पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा सुभेदार होता. त्याचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला. क्रूसावर खिळणे ही रोमन शिक्षा होती व ती फर्मावण्याचा अधिकार सुभेदाराचा होता. क्रूसावर लावलेला आरोपही राजद्रोहाचा, म्हणजे ‘यहुद्यांचा राजा’ होण्याचा होता. मंदिरातील काही पुढाऱ्यांनी येशूला पिलाताच्या हाती दिले, असे शुभवर्तमाने सांगतात. परंतु काही पुढारी म्हणजे संपूर्ण समाज नव्हे. त्याच दिवशी त्याच्यासाठी रडणाऱ्या स्त्रिया, क्रूसापाशी उभी असलेली त्याची माता आणि त्याला कबर देणारा अरिमथाईकर योसेफ हेही यहुदीच होते.

भाऊबंदकी आणि ताटातूट

पेंटेकॉस्ट हा मुळात यहुद्यांचा हंगामाचा सण. त्या दिवशी पवित्र आत्मा उतरल्यानंतरही शिष्य मंदिरात प्रार्थनेला जात राहिले. ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखियात पडले. यहुदी नसलेले लोक श्रद्धा स्वीकारू लागले, तेव्हा त्यांची सुंता करावी का, हा प्रश्न उभा राहिला. इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथील सभेत प्रेषितांनी त्यांच्यावर ते बंधन घातले नाही.

पुढे इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध उठाव केला आणि इ.स. ७० मध्ये तीताच्या सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिर गेल्यावर यहुदी गुरूंनी नियमशास्त्राभोवती समाजाची नव्याने बांधणी केली. येशूच्या अनुयायांनी पुनरुत्थित प्रभूभोवती. दोन्ही वाटा एकदम नव्हे, तर अनेक पिढ्यांत वेगळ्या झाल्या. शुभवर्तमानांचे लेखन साधारणतः याच तणावाच्या काळात झाले. त्यांतील कठोर शब्द हे एका घरातल्या भाऊबंदकीचे आहेत. घर विभागले गेल्यानंतर तेच शब्द परक्यांनी शस्त्रासारखे वापरले.

त्याची झळ आपल्या शेजारीही पोहोचली. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाने यहुदी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांचाही छळ केला. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या अस्थी मृत्यूनंतर उकरून १५८० मध्ये जाळण्यात आल्या.

मराठी बोलणारे यहुदी

यहुदी समाज आपल्याला केवळ पवित्र शास्त्राच्या पानांत भेटतो असे नाही. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शब्बाथाला काम बंद ठेवत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. प्रभूने शेवटचे भोजन घेतले ते याच सणाच्या दिवसांत. पुणे लष्कर भागातील ‘लाल देऊळ’ हे १८६७ मध्ये पूर्ण झालेले सभास्थान आहे. बारामती-इंदापूरहून पुण्याला जाणाऱ्या अनेकांनी ते बाहेरून पाहिले असेल.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे स्पष्ट केले की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १३ एप्रिल १९८६ रोजी रोममधील सभास्थानाला भेट दिली आणि यहुद्यांना आपले वडील बंधू मानले.

मिस्सामध्ये आपण आमेन, आलेलुया व होसान्ना हे हिब्रू शब्द उच्चारतो, स्तोत्रे गातो आणि भाकर व द्राक्षारस अर्पण करताना यहुदी आशीर्वादाच्या धर्तीवरील प्रार्थना म्हणतो. ज्यांच्याकडून ही प्रार्थना आपल्याला मिळाली, त्यांच्याविषयी अनादर बाळगून ती म्हणता येणार नाही. म्हणून धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना व पालकांना आमची विनंती आहे की, दुःखसहनाची कथा मुलांना सांगताना ‘यहुद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य टाळावे. पिलात, कयफा व त्यांचे साथीदार यांची नावे घ्यावीत आणि येशू व त्याची माता स्वतः यहुदी होते, हे आवर्जून सांगावे.