तांब्याच्या तारेवरच्या सोयरिकी

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून माहितीचा लोंढाही धाडता येतो, हे अमेरिकेत ज्यांनी सिद्ध केले त्यांत प्राध्यापक जॉन चॉफी अग्रणी. १९९१ साली त्यांनी अमाटी ही कंपनी काढली. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती विकत घेतली.

मग सोयरिकींची रांगच लागली. २००१ मध्ये ग्लोबस्पॅन आणि विराटा एक झाल्या. २००४ मध्ये ही जोडी कोनेक्झंटच्या घरी नांदायला गेली. २००९ मध्ये तो व्यवसाय इकॅनॉसकडे आणि २०१५ मध्ये खुद्द इकॅनॉस क्वालकॉमकडे गेली. चार घराणी पाचव्याच्या उंबऱ्याआड गेली!

वाचक म्हणतील, याच्याशी आमचा काय संबंध? मोडेमवर नाव कोणाचेही असो, त्याचा जीव आतल्या इवल्या चिपमध्ये असतो. कारखानदार सारी जुळणी तिच्याभोवतीच बेततो. नव्या धन्याने ती चिप बंद केली, की मांडलेला संसार मोडून पुन्हा मांडावा लागतो. आणि विकणारे घटले, की घासाघीस करायलाही जागा उरत नाही.

नवी चिप घडविण्याचा अफाट खर्च लहान कंपनीला पेलत नाही, हेही खरेच. पण दुकानाच्या फळीवर नावे अनेक अन् आत चिप एकाचीच, ही श्रीमंती वरवरचीच म्हणायची.